सातव्या मजल्यावरची वेताची काठी

मित्रांनो, दाराआडच्या खुंटीला छत्रीशेजारी एक वेताची काठी टांगलेली दिसते ना, ती मी. रंग उडाला आहे, मूठ वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे आणि अंगाला दोन ठिकाणी तारेचे वेढे आहेत. शेजारची छत्री दिसायला माझ्याहून बरी आहे, हे मी मान्य करते. पण वर्षातले थोडेच दिवस ती घराबाहेर पडते आणि बाकीचा काळ नुसती मिजास करते. माझं तसं नाही. मी रोजच्या कामाची आहे. तरीही एक काळ असा आला होता, की मी याच छत्रीशेजारी नुसती लोंबकळत होते. का, ते ऐका.

माझा जन्म एका खुर्च्या विणणाऱ्याच्या हातून झाला. घरातली नात त्यांना आजोबा म्हणते, म्हणून मीही आजोबाच म्हणते. लहानपणी मोठा ताप आला आणि त्यात आजोबांचे दोन्ही डोळे गेले. मग ते वेतकाम शिकले. भिजवलेल्या वेताच्या पट्ट्या बोटांनी चाचपत ते खुर्चीची बैठक अशी ताणून विणायचे, की तिच्यावर जाडजूड माणसानेही बिनधास्त बसावं. एकदा वेताच्या जुडीतून मी निघाले. खुर्चीच्या पाठीला जाड, पायाला बारीक, म्हणजे कुठेच न खपणारी. आजोबांनी मला स्टोव्हच्या आचेवर फिरवलं, ओल्या फडक्याने दाबत माझी मूठ वळवली आणि टोकाला पितळेचं टोपण ठोकून बसवलं. त्या दिवसापासून मी त्यांच्या उजव्या हातात आहे.

लोक मला आजोबांचे डोळे म्हणायचे. मला ते कधीच पटलं नाही. वाटेवर मी बघत नाही, मी विचारते. माझं पितळी टोक फरशीवर ठक्कन आपटलं की फरशी उत्तर देते. भिंत जवळ असली तर आवाज लगेच परत येतो, दार उघडं असलं तर आत पळून जातो. आमची जुनी गल्ली तर भारीच बोलकी होती. घराबाहेर पडलं की डाव्या हाताला पत्र्याच्या पेट्या ठोकणारा, पुढे खडखडणारा छापखाना, मग कोपऱ्यावर धोब्याच्या दुकानातली वाफेची इस्त्री फुसफुसायची. इस्त्रीपाशी वळायचं, की चहाचं दुकान. आजोबा तिथे एकटे जात, चहा पीत, दुकानदाराशी हवापाण्यावरून भांडत आणि एकटे परत येत. कुणी रस्ता ओलांडून द्यायला हात धरलाच, तर म्हणत, "चला, तुम्हाला सोडतो पलीकडे."

मग बाळची बदली झाली. बाळ म्हणजे आजोबांचा मुलगा. चाळिशी उलटली, चष्मा लागला, डोक्यावरचं छप्पर विरळ झालं, तरी आजोबांच्या तोंडी तो बाळच. मोठ्या शहरातल्या मुख्य कार्यालयात जायचं होतं, म्हणजे सगळं घर उचलून न्यायचं होतं. संध्याकाळच्या जेवणानंतर नवीन जागेची चर्चा रंगू लागली.

"मला स्वयंपाकघरात उजेड हवा," सूनबाई म्हणाली. ती रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. "दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसायचं आणि घरी येऊन अंधारात कांदा चिरायचा, हे मला जमायचं नाही."

"मला शाळेत चालत जायचंय," नात म्हणाली. तिला घरात सगळे ठकी म्हणत. "आणि माझी स्वतःची खिडकी हवी."

"मला एका बसने पोचता आलं पाहिजे," बाळ म्हणाला.

"आणि बाबांचं काय?" सूनबाईने विचारलं.

"बाबांना शांतता हवी," बाळने परस्पर सांगून टाकलं. "सगळा जन्म त्या ठोकाठोकीत गेला त्यांचा. आता निवांत जागा बघू."

आजोबा तिथेच कोपऱ्यात एक बैठक विणत बसले होते. त्यांचा हात थांबला. "माझं काय रे, एक खाट टेकली म्हणजे झालं," असं म्हणून ते पुन्हा विणू लागले. बाळने बापाच्या भल्याचाच विचार केला होता, मित्रांनो. फक्त तो विचार त्याने एकट्याने केला होता.

जागा बघायला तिघं निघाली तेव्हा सूनबाई म्हणाली, "बाबांना पण नेऊ या का?"

"दगदग कशाला त्यांना? आणि तिथे जाऊन बाबांना काय दिसणार आहे?" बाळ थट्टेने म्हणाला.

ठकी फिसकन हसली. सूनबाईलाही हसू आलं. सगळ्यांत मोठ्याने आजोबा हसले. मी त्यांच्या हातात होते, म्हणून मला तेवढं कळलं, की हसताना त्यांनी मूठ किती आवळली होती.

तिघं परतली ती हरखून. सातवा मजला, पूर्वेचा उजेड, खाली बाग, शाळा हाकेच्या अंतरावर. "एजंट म्हणाला, सुई पडली तरी ऐकू येईल," बाळ सांगत होता, "इतकं शांत, बाबा!" आजोबा म्हणाले, "वा, वा."

त्या घरात पाऊल टाकलं आणि माझी वाचाच बसली. दारापासून लिफ्टपर्यंत जाड गालिचा. मी टोक टेकवलं की ते आत रुतायचं, उत्तर काही यायचं नाही. दोन्ही बाजूंना एकसारखी बंद दारं, खिडक्यांना दुहेरी काचा, बाहेर रस्ता आहे की नाही याचाही पत्ता लागू नये. खालच्या दालनात तेवढी फरशी होती, तिथे मी चार शब्द बोलून घेत असे. पण लवकरच सोसायटीच्या सेक्रेटरींचा निरोप आला, की सकाळी सकाळी ठकठक होते, लोकांची झोपमोड होते. बाळने मऊ रबराचं टोपण आणून माझ्या टोकावर चढवलं. "आता घसरायची पण भीती नाही, बाबा," तो खुशीत म्हणाला. आजोबांनी माझं टोक चाचपलं आणि म्हणाले, "छान बसलंय."

लिफ्ट आणखी वेगळीच. तिला बटणं नव्हती, गुळगुळीत काच होती आणि काचेवरच्या आकड्याला नुसतं बोट लावायचं. आजोबांच्या बोटाला सगळे आकडे सारखेच. ठकीने हुशारी करून सातच्या आकड्यापाशी चिकटपट्टीचा तुकडा लावला, तो सफाईवाल्याने दुसऱ्याच दिवशी खरवडून काढला. तिने पुन्हा लावला, त्याने पुन्हा काढला. दोघंही आपापलं काम मन लावून करत होते.

एका सकाळी सगळी आपापल्या कामाला गेल्यावर आजोबा खाली जाऊन आले. परत येताना लिफ्टमध्ये दुसरं कुणीतरी होतं, ते आपल्या मजल्यावर उतरलं, आणि सातवा आला असं समजून त्याच्या पाठोपाठ आजोबाही उतरले. गालिचा तोच, दारं तशीच. चाचपत त्यांनी उजवीकडचं चौथं दार गाठलं आणि कुलपात किल्ली घातली. किल्ली फिरेना. त्यांनी जोर लावला, काढली, पुन्हा घातली. आतून एक बाई घाबरून ओरडली, "कोण आहे? कोण दार उघडतंय?" तिच्या कडेवर तान्हं मूल होतं आणि दाराच्या भिंगातून तिला काळा चष्मा लावलेला अनोळखी म्हातारा दिसत होता. तिची तरी काय चूक? तिने वॉचमनला फोन लावला.

वॉचमन नवा होता. "घरचं माणूस आल्याशिवाय सोडायचं नाही, असं सेक्रेटरी म्हणालेत," असं सांगून त्याने आजोबांना आपल्या खोलीत स्टुलावर बसवलं आणि मला काढून कोपऱ्यात ठेवलं. ती बाई मागाहून खाली आली, तिला खरा प्रकार कळला आणि बिचारी ओशाळून पाणी घेऊन आली. आजोबा पाणी प्यायले नाहीत.

बाळ ऑफिसातून धावत आला. गळ्यात ओळखपत्र तसंच लटकत होतं. दाराशी येऊन तो थबकला. त्याचे वडील स्टुलावर अंग चोरून बसले होते आणि ज्याच्या पावलांचा आवाज येईल त्याच्याकडे तोंड करून हात जोडत होते. "चुकलं हो माझं. माफ करा." बाळची पावलं वाजली तेव्हा त्यालाही हात जोडले. "माफ करा हो."

"बाबा, मी आहे," बाळ म्हणाला.

"तू होय? कामावरून उठून आलास ना? माझ्यामुळे उगाच..."

"चूक माझी आहे, बाबा."

"तुझी कशी? घर छान आहे तुझं," आजोबा घाईघाईने म्हणाले.

वर जाताना बाळने त्यांचा हात धरला, आणि मित्रांनो, तो हात त्याने पुढे सोडलाच नाही. सकाळी लवकर उठून तो आजोबांना बागेत फिरवून आणी. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत घरी धावे, संध्याकाळी बूटही न काढता पुन्हा त्यांना बाहेर नेई. "काठीचं काय काम? मी आहे ना!" असं म्हणून त्याने मला खुंटीला टांगलं. मी दाराआडून बघत राहायचे. ताटात आजोबांना चांगला घास वाढताना, त्यांच्या पायात चप्पल सरकवताना बाळचा चेहरा असा व्हायचा, जणू वाडग्यात कुणी काही टाकेल म्हणून तो उभा आहे. आजोबा तर त्याहून कानकोंडे झाले होते. पोरगा आपल्यापायी ऑफिसात बोलणी खातो, हे त्यांना कळत होतं. मला मागून घ्यावं असं त्यांच्या मनात येई, कारण जाता येता त्यांचा हात खुंटीकडे जायचा. पण काठी मागायची म्हणजे बाळला पुन्हा त्या स्टुलापाशी नेऊन उभं करायचं. म्हणून हात नुसता छत्रीला लागल्यासारखं करून मागे यायचा. छत्री त्या दिवसांत फारच चढून गेली होती.

हे असं किती दिवस चालणार? एका संध्याकाळी बाळ थकून भागून आला, आणि दाराशी चप्पल घालून तयार बसलेल्या आजोबांनी चाहूल लागताच विचारलं, "निघायचं का?"

"जरा दम खाऊ द्या ना, बाबा! मी पण माणूसच आहे!"

बोलून गेला आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. आजोबांनी मुकाट्याने पायातली चप्पल काढली, भिंतीशी जोडीने लावली आणि आत जाऊन पलंगावर बसले. बाळ तिथेच दारात डोकं धरून बसला.

सूनबाईने पाण्याचा पेला त्याच्यापुढे आदळला. ती गोड बोलण्यातली नव्हती. "किती दिवस हे नाटक चालायचं?"

"नाटक? मी मरमर मरतोय त्यांच्यासाठी."

"त्यांच्यासाठी नाही, स्वतःसाठी. तुम्ही बाबांना फिरवत नाही, त्यांना धरून गावभर माफी मागत फिरता. आणि त्यांना बिचाऱ्यांना रोज दोन वेळा ती द्यावी लागते." मग ती जरा नरमली. "मी काय मोठी शहाणी आहे? जागा बघायला निघालो त्या दिवशी मी पण हसले होते. मला स्वयंपाकघरातला उजेड दिसला, बाकी काही दिसलं नाही. पण जे तेव्हा राहून गेलं, ते आता तरी करा."

"काय करू?"

"ठकीला विचारलंत, मला विचारलंत, तेच त्यांना विचारा. घर कसं हवं?"

बाळ आत गेला. दार उघडं होतं, म्हणून मला ऐकू आलं. त्याने विचारलं आणि आजोबांनी ठरलेलं उत्तर दिलं, "छान आहे की घर." दाराशी सूनबाई येऊन उभी राहिली होती. "बाबा," ती म्हणाली, "तुमच्या छान-छानचा कंटाळा आला मला. एकदा तरी तक्रार करा. आम्ही नाही का रोज तुमच्याकडे करत?"

आजोबांनी गादीवरून हात फिरवला. मग आजोबा हळूच म्हणाले, "बाळ, हे घर मला ऐकू येत नाही रे. मी कुठे बसलोय, दार कुठे आहे, बाहेर सकाळ आहे की दुपार, काही सांगत नाही ते. जन्म गेला माझा, पण मी आंधळा आहे असं कधी वाटलं नव्हतं. इथे वाटतं." बाळ रडला. मोठ्या माणसांचं रडणं मला बघवत नाही, पण खुंटीवरून तोंड तरी कुठे फिरवणार?

पुन्हा जागा शोधायला निघालो, तेव्हा मी आजोबांच्या हातात होते आणि माझं रबर बाळने स्वतःच्या हाताने ओढून काढलं होतं. एजंटची मात्र पंचाईत झाली. तो सवयीने खिडकी उघडून "बघा काय मोकळं आहे" म्हणायचा, जीभ चावायचा, आणि आजोबा विचारायचे, "खाली काय चालतं?" एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरची जागा दाखवताना तर त्याला घाम फुटला. "खाली सायकल दुरुस्ती आहे, पण फार आवाज नसतो हो. दुपारी बंदच असतं."

"बंद का?" आजोबा हिरमुसले.

एजंट बाळकडे बघू लागला. त्याने आणखी कबूल केलं की कोपऱ्यावर बेकरी आहे, पहाटेपासून भट्टीतले पत्रे आपटतात. समोर बसथांबा आहे, कंडक्टर बोंबलत असतो. जिना दगडी आहे, लिफ्ट नाही. प्रत्येक दोषागणिक तो आवाज खाली आणत होता आणि आजोबांची मान ताठ होत होती. मी जिन्यात एकदा टोक आपटलं. सगळा जिना वरपासून खालपर्यंत घुमला. किती दिवसांनी मला कुणीतरी उत्तर दिलं होतं!

पण स्वयंपाकघर अंधारं होतं. सूनबाईला दोन बस बदलाव्या लागणार होत्या. ठकीची शाळा लांब पडणार होती आणि स्वतःची खिडकी म्हणून तिच्या वाट्याला जिन्यातला झरोका येत होता. हे सगळं आजोबांनी ऐकलं. ते खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "नको रे. फार आवाज आहे इथे. मला नाही सोसायचा."

बाळला हे खोटं कळलं. त्याने वाद घातला नाही. खिशातून सुट्टे काढून त्याने आजोबांच्या हातावर ठेवले. "बाबा, बेकरीतून पाव घेऊन या. मग ठरवू."

"तू चल ना बरोबर."

"नाही. तुम्ही एकटे जा."

आम्ही निघालो. जिन्याच्या तोंडाशी बाळ उभा राहिला. आपलेच दोन्ही हात त्याने पाठीमागे एकमेकांत घट्ट धरले होते, सुटले असते तर धावले असते म्हणून. आजोबा पहिल्या पायऱ्या भीत भीत उतरले. खाली आलो तर डावीकडे सायकलचं चाक फिरत होतं, समोर कंडक्टर ओरडत होता, उजवीकडून पत्र्यांचा खणखणाट आणि भाजलेल्या पावाचा वास येत होता. आजोबा क्षणभर थांबले. मग माझ्यावरची त्यांची मूठ सैल झाली आणि ते चालू लागले. मी बोलत होते, रस्ता सांगत होता, मधे कुणीच नव्हतं.

यायला उशीर झाला. बाळ वर जिन्याच्या तोंडाशी तसाच उभा होता. आजोबा जिना चढून आले ते बोलतच. "त्या सायकलवाल्याला सांगून आलो, तुझ्या चाकातल्या बेअरिंगचा एक छर्रा फुटलाय. ऐकतच नव्हता, म्हणून भांडावं लागलं." मग त्यांना आठवलं की आपल्याला हे घर नको आहे. ते पाव हातात धरून तसेच उभे राहिले. सूनबाई म्हणाली, "बाबा, पाव मोडा. गार व्हायच्या आत खाऊ या. घर घेतलं आपण."

आम्ही इथे राहायला आलो. सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. परीक्षेच्या दिवसांत ठकी कानात कापूस घालून अभ्यास करते आणि बसथांब्याच्या नावाने बोटं मोडते. सूनबाई दोन बस बदलून येते ती कपाळाला हात लावूनच. एकदा आजोबा तिला म्हणाले, "माझ्यापायी तुला त्रास होतो ना?"

"होतो. खूप होतो," ती म्हणाली. "पण मी सांगते तरी. तुम्हाला होत होता तेव्हा तुम्ही छान-छान करत बसला होतात." आजोबा हसले, पण त्या दिवसापासून संध्याकाळचे कांदे तेच चिरून ठेवतात. अंधाऱ्या स्वयंपाकघरात त्यांचं काही अडत नाही.

बाळच्या मनातून अजून ते स्टूल गेलेलं नाही. रोज आम्ही बाहेर पडलो की तो खिडकीशी येऊन उभा राहतो. मागे येत नाही, हाक मारत नाही, एवढं त्याला आता जमतं. पण आम्ही कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याचा चहा गार होतो. आजोबांना ते ठाऊक आहे. कुठली खिडकी उघडली, हे त्यांना खाली ऐकू येतं.

मित्रांनो, मी वेताचा तुकडा, तुम्हाला काय शिकवणार? एवढंच सांगते. कुणाचं आपल्या हातून चुकलं असेल, तर माफी जरूर मागा, हात हातात घेऊन मागा. पण ती मागून झाली की तो हात सोडा. त्या हाताला काठी धरायची असते.